मधला अंधार

फोनवर फोटो बघताना बोट सरकवलं की एक चित्र हळूच विरतं आणि त्याच्या जागी दुसरं उमटतं. हे आपण दिवसातून शंभरदा बघतो आणि एकदाही बघत नाही. ते कोणीतरी बसून केलेलं असतं, हे तर आपल्या गावीही नसतं. तर ते करणारी ही एक बाई. वय एकोणपन्नास, चष्मा कपाळावर चढवायचा आणि तोच घरभर शोधत फिरायचं अशातली. चाळीस जणांच्या कचेरीत वयानं सगळ्यांत मोठी. बाकीची मंडळी तिला आजी म्हणत नव्हती, ताई म्हणत होती, एवढीच काय ती त्यांची कृपा. ती खिडकीकडे तोंड करून बसायची, म्हणजे पडद्यावर उजेडाची तिरीप पडत नाही. तिरीप पडली की रंग खोटे दिसतात, आणि खोट्या रंगाचा तिला भारी राग.

फोनमधल्या प्रत्येक चित्राला एक आकडा देता येतो. एक म्हणजे चित्र पुरतं दिसतं, शून्य म्हणजे दिसतच नाही, आणि मधले सगळे आकडे म्हणजे कमी-जास्त आरपार. हा आकडा किती वेळात आणि कसा चढवायचा-उतरवायचा, हे लिहिणं तिचं काम. तीन दशांश सेकंदाचा खेळ सगळा, पापणी लवते न लवते तोवर संपलेला. एकवीस वर्षं ती हेच करत होती. "एवढ्याशा गोष्टीला एकवीस वर्षं?" असं तिच्या मोठ्या भावानं एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुला कधी काही खटकलं का? नाही ना? मग ती एकवीस वर्षं तिथेच गेली." भावानं विषय बदलला. त्याला गप्प बसवणं सोपं नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

घरात ती भिंगरी. हे नाव नानांनी, म्हणजे वडिलांनी ठेवलेलं, कारण पोर एका जागी ठरेल तर शपथ. ठरायची ती फक्त एका ठिकाणी, नानांच्या दोन प्रोजेक्टरच्या मधे. नानांचा धंदा स्लाइड दाखवायचा. शाळांतून, कारखान्यांतून, दवाखान्यांच्या सभागृहांतून ते दोन प्रोजेक्टर घेऊन जायचे. हात स्वच्छ कसे धुवावेत, यंत्रात बाही कशी अडकते, तारे किती लांब आहेत, जे सांगायचं असेल ते. एका यंत्रात आताचं चित्र, दुसऱ्यात पुढचं. दोन्ही दिव्यांची बटणं एका लाकडी पेटीवर, तीही नानांनी स्वतः घरी बसून केलेली. डावं बटण उतरवायचं, त्याच वेळी उजवं चढवायचं, की पडद्यावर पहिलं चित्र दुसऱ्यात मिसळून जायचं. लोक "अहा" करायचे. सात वर्षांच्या भिंगरीच्या हातात नानांनी ती पेटी दिली आणि तिच्या मागे उभे राहिले.

"डावा हात जेवढा खाली, उजवा तेवढाच वर," ते म्हणायचे. "एक जातोय आणि दुसरा अजून आला नाही, असं एक क्षणही होता कामा नये. मधे अंधार दिसला की संपलं. माणसं चित्र विसरतात, अंधार लक्षात ठेवतात."

तिची आई परिचारिका, दिवसपाळीवर. त्यामुळे दुपारचं जेवण या दोघांचंच. शाळा सुटून पोर घरी आल्याशिवाय नाना ताटाला हात लावायचे नाहीत. कितीही उशीर होवो, कितीही भूक लागो. पोर दप्तर टाकायची, हात न धुताच बसायला बघायची, नाना ओरडायचे, मग दोघं जेवायची. पुढे आई गेली, भाऊ परगावी गेला, प्रोजेक्टर भंगारात गेले. भिंगरीनं लग्न केलं नाही. का नाही, ते तिनं कोणाला सांगितलं नाही, आपणही विचारायला नको. बाप-लेक तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहू लागले.

आणि मग नाना विसरायला लागले. आधी चाव्या, मग वार, मग बायको गेली हे. त्यांना रोज नव्यानं ते सांगावं लागायचं आणि ते रोज नव्यानं रडायचे, म्हणून भिंगरीनं सांगणंच सोडलं. हे सगळं तिनं सोसलं. पण दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा घेऊन ती समोर उभी राहिली तेव्हा नाना सावरून बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "बसा ना बाई. कोणाकडे आलात आपण?" जन्मात ज्यानं 'अगं'शिवाय हाक मारली नाही, तो बाप तिला 'आपण' म्हणाला. तिनं चहा तिथेच ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

त्या दिवसापासून नानांच्या घरात दोघी झाल्या. एक भिंगरी, सात वर्षांची, शाळेत गेलेली, येईलच इतक्यात. आणि दुसरी ही बाई, भली दिसते, पण कोण कुणास ठाऊक. एवढंच असतं तरी तिनं निभावलं असतं. पण पुढे नानांनी जेवण सोडलं, पोटात जायचं ते नुसतं दूध. भिंगरी दुपारची कचेरीतून घरी येऊन ताट समोर ठेवायची, की नाना म्हणायचे, "पोर येऊ दे." दोन वाजले, तीन वाजले, "पोर येऊ दे." सांभाळायला येणाऱ्या मावशी हातापाया पडल्या, लहान मुलाला भरवतात तसं भरवून बघितलं, एकदा चक्क खोटं सांगितलं की पोर शाळेत जेवली. नाना म्हणाले, "माझी पोर माझ्याशिवाय जेवत नाही." आता यावर काय बोलणार, कप्पाळ!

चार महिन्यांत नऊ किलो गेले. डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन तपासलं आणि भिंगरीला जिन्यात बोलावून सांगितलं, "पुढच्या सोमवारी परत वजन करू. असंच राहिलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. आणि ते नळी उपसतील, सगळेच उपसतात. मग हात बांधावे लागतात."

"हात?" भिंगरी म्हणाली.

"पलंगाला. मऊ पट्टा असतो." बाईंना सांगताना आनंद होत नव्हता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

भावाला फोन केला तर तो तिकडून उंटावरून शेळ्या हाकू लागला. जबरदस्तीनं भरव, म्हणाला. औषध मिसळून दे. चांगली संस्था बघ. "तू ये आणि तूच भरव," म्हणून तिनं फोन ठेवला. नानांचे हात पलंगाला बांधलेले तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. ज्या हातांनी तिचे हात धरून बटणं फिरवली, ते हात.

मग तिच्या डोक्यात आलं ते असं. नानांना सात वर्षांची भिंगरी ओळखू येते, एकोणपन्नासची येत नाही. मधली कुठे हरवली? मधली सगळी तर फोटोंत आहे. सात, अकरा, चौदा, अठरा, असे करत तिनं बारा फोटो काढले. सगळ्यांत डोळे एका रेषेत येतील असे कापले. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी पोर हळूहळू मोठी होताना नानांना दाखवायची, इतकी हळू की कुठे पोर संपली आणि कुठे बाई सुरू झाली ते कळूच नये. शेवटच्या फोटोवरून त्यांनी मान वर केली की समोर तीच बसलेली असेल. पोर आली, नाना. चला जेवायला.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. कचेरीत ती हे काम तयार कोडच्या एका ओळीत करते. पण बापासाठी करायचं आणि तयार माल वापरायचा? तिनं सगळं हातानं लिहिलं, अगदी नानांनी शिकवलं तसं. डावा जेवढा खाली, उजवा तेवढाच वर. पहिलं चित्र एकापासून शून्याकडे, दुसरं शून्यापासून एकाकडे, दोन्ही एकाच वेळी. मागची पाटी काळी ठेवली, कारण नानांचं सभागृह काळोखाचं. प्रत्येक बदलाला आठ सेकंद. तपासताना मात्र तिनं वेग दहापट केला. या धंद्यात सगळेच करतात. आठ सेकंद नुसतं बघत कोण बसणार? दहापट वेगात सगळं झुळझुळीत गेलं. एकवीस वर्षांच्या अनुभवी बाईनं पहिल्या महिन्यातल्या उमेदवारासारखी चूक केली आणि तिला ती दिसलीही नाही.

शनिवारी दुपारी एकला तिनं टॅब नानांच्या समोर ठेवला. बाजूला ताट, मऊ भात, सूप, वाटीत शिजवलेली फळं. मावशी दारात उभ्या. पडद्यावर फ्रॉकमधली सात वर्षांची भिंगरी आली आणि नानांचा चेहरा असा काही उजळला की मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"आली! भिंगरे, किती उशीर गं!"

मग चित्र बदलायला लागलं. आठ सेकंद. आणि त्या आठ सेकंदांच्या मधोमध पोरीचा चेहरा काळवंडला. पुरता काळा नाही झाला, पण उजेड उतरला, दिवा जायच्या आधी उतरतो तसा.

नाना ताडकन उभे राहिले. महिनोन् महिने ज्यांना धरून उठवावं लागायचं ते नाना. "दिवा चाललाय! अरे, दिवा बघा! पोर अंधारात गेली!" ते हवेत हात घालून ती पेटी शोधू लागले, ती बटणं, जी तीस वर्षांपूर्वी भंगारात गेली होती. टॅबवर अकरा वर्षांची भिंगरी आली होती, पण तिच्याकडे कोण बघतंय? लगेच तीही काळवंडली. नानांचा हात ताटाला लागला आणि सूप भिंतीवर गेलं. "भिंगरे! भिंगरे!" त्या हाका खालच्या मजल्यापर्यंत गेल्या.

त्या दिवशी नाना जेवले तर नाहीतच, पण दूधही घेईनात. पोर अंधारात गेली आणि यांनी दूध प्यायचं?

भिंगरीनं स्वतःला इतका दोष दिला की मावशींना तिलाच सांभाळायची वेळ आली. "अहो ताई, तुम्ही का मुद्दाम केलंत?" मुद्दाम नव्हतं, पण दिवा का गेला हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. टॅबवर बदल मधोमध थांबवला आणि चेहऱ्यातली काळी झाक बघत हिशोब मांडला. प्रोजेक्टरचा असतो उजेड. एका यंत्राचा अर्धा, दुसऱ्याचा अर्धा, पडद्यावर दोन्ही मिळून एक. फोनमधलं चित्र म्हणजे उजेड नव्हे, ते एकावर एक ठेवलेल्या काचांसारखं. खालचं अर्धं आरपार केलं की त्यातून अर्धी काळी पाटी दिसते. वर दुसरं अर्धं ठेवलं की ते त्या काळ्याचा अर्धा भाग झाकतं, सगळा नाही. पाव हिस्सा काळोख उरतोच. पाव हिस्सा! तिनं कपाळावर हात मारून घेतला. हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर तिनं त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. पण ते नानांनी शिकवलं होतं, आणि नानांनी शिकवलेलं चूक असू शकतं हे तिच्या मनालाच शिवलं नाही.

उपाय एका ओळीचा. खालच्या चित्राला हातच लावायचा नाही. ते पुरतं तसंच राहू द्यायचं आणि वरचं त्याच्यावर हळूहळू उमटवायचं. तिनं डाव्या बटणाची ओळ खोडली. ती खोडताना मात्र हात थांबला. सात वर्षांची असल्यापासून ती एक चित्र घालवल्याशिवाय दुसरं आणत नव्हती. नानांच्या मनातून ती पोर जावी आणि त्या जागी आपण यावं, हेच तर ती मागत होती दोन वर्षं. तिला स्वतःची लाज वाटली, खरंच वाटली. राहू दे की पोर तिथे, तिनं काय घोडं मारलंय कोणाचं?

या वेळी तिनं चित्रं आपोआप पळवली नाहीत. पडद्याच्या तळाशी एक पट्टी ठेवली. बोटानं पुढे सरकवली की चित्र बदलतं, थांबवली की थांबतं, मागे नेली की मागे येतं. आणि बदल संथ ठेवून सगळे बारा फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः बघितले. दोनदा.

दुपारी एक वाजता ती नानांच्या समोर बसली नाही, शेजारी बसली. "नाना, एक खेळ लावायचाय. कालच्या खेळात दिवा गेला. तुम्ही जरा बघून देता का?"

"काल कोण होतं यंत्रावर?" नानांनी करड्या आवाजात विचारलं.

"मीच होते."

"हं." त्यांनी तिच्याकडे नापसंतीनं बघितलं, पण बोट पुढे केलं. तिनं ते पट्टीवर ठेवून दिलं.

नानांनी पट्टी सराईतासारखी पुढे सरकवली. सातची भिंगरी हळूहळू अकराची झाली. मधोमध आल्यावर नानांनी बोट थांबवलं, टॅबवर वाकून बघितलं. मागे नेलं, परत पुढे आणलं. काळोख नव्हता. मग चौदा, अठरा, बावीस. वेण्या गेल्या, चष्मा आला, केस पिकले. सगळी मिळून वीस मिनिटं लागली असतील. मावशी दारात उभ्या होत्या. शेवटचा फोटो पुरता उमटला. नानांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग फोटोकडे. मग परत तिच्याकडे.

"हा तर तुमचाच फोटो की, बाई."

"हो," ती म्हणाली.

"आणि पहिला आमच्या पोरीचा." नानांनी मान डोलावली. "छान जुळवलंत दोघींना."

झालं. संपलं. तिनं डोळे मिटून घेतले. तिला हंबरडा फोडावासा वाटला, पण कालच्या हाकांनंतर या घरात कोणी ओरडायला नको होतं.

"कोणी केलं हे?" नाना विचारत होते.

"मी केलं."

"कुठेही अंधार नाही. मी मुद्दाम मधे थांबवून बघितलं. दहा जण हे करायला बघतात तेव्हा एकाला जमतं." ते प्रथमच तिच्याकडे आदरानं बघत होते. "हात चांगला आहे तुमचा. शिकलात कोणाकडे?"

"वडिलांकडे."

"आहेत का?"

"आहेत. थकलेत आता."

"त्यांचं कोण बघतं?"

"मीच."

"मग तुम्ही इथे काय करताय?" नाना एकदम तडकले. "मी बघतो ना, रोज दुपारी ताट घेऊन माझ्यापाशी बसून राहता. काही कळतं का तुम्हाला? तिकडे तो म्हातारा दाराकडे डोळे लावून बसला असेल. तुम्ही गेल्याशिवाय जेवत नसेल तो!"

"नाही जेवत," भिंगरी म्हणाली. "चार महिने झाले."

"जेवेल कसा? पोरीशिवाय घास उतरतो का?" नानांनी ताट पुढे ओढलं. "आणा इकडे. मी जेवलो की सोडतील ना तुम्हाला? त्याशिवाय जाऊ देत नसतील, माहितेय मला ही नोकरी."

आणि नाना जेवायला लागले. चमचा वाटीवर आपटत, सूप हनुवटीवर सांडत, भराभरा. "सावकाश, नाना," ती म्हणाली, तर तिच्यावरच ओरडले, "बोलत बसू नका, तुम्हाला उशीर होतोय!" भात संपला, सूप संपलं, फळं संपली. मावशी भिंतीला टेकून बघत होत्या, पुढे व्हायचंही त्यांना सुचलं नाही. नानांनी रिकामं ताट तिच्या हातात दिलं आणि दाराकडे बोट केलं. "जा आता. धावत जा. आणि त्याला सांगा, वाट बघायला लावली म्हणून रागावू नको. पोरगी कामावर होती."

ती चपला घालून खरंच बाहेर पडली, कारण दार लागल्याशिवाय ते निवांत बसणार नव्हते. जिन्यात बसली आणि पाव तास गुडघ्यांत डोकं घालून रडली, मोठ्यानं, कोण ऐकतंय याची पर्वा न करता. मग नाक पुसलं, किल्ली लावून आत आली.

नाना खुर्चीत बसले होते. चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. "कोण? अहो बाई, तुम्ही? इतक्यात आलात? जेवला का तो?"

"जेवले," ती म्हणाली. "ताट अगदी स्वच्छ केलं."

"बरं झालं," नाना म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "बरं झालं. मला तीच काळजी लागली होती."